'कोणताही', 'वाटेल तो', 'कोणी का असेना': स्पॅनिशमध्ये या सगळ्याला एकच शब्द पुरत नाही

प्रश्न असा आहे: "मी कुपवाड एमआयडीसीत एका मशिनरी कंपनीच्या एक्स्पोर्ट विभागात आहे. मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांचे मेल आणि फोन मीच बघते. कोणताही, कुणीही, कुठेही, हवं तेव्हा, काहीही लागलं तर, या सगळ्याला मी 'क्वाल्क्येर' नाहीतर 'क्वाल्क्येरा' ठोकून देते. समोरचा बहुतेक वेळा समजून घेतो, पण कधीकधी भलताच उलट प्रश्न विचारतो. नेमकं कुठे काय वापरायचं?" सोबत मेलमधली तीन वाक्यं दिली आहेत. ती ओघात घेतो.

उत्तर लांबणार आहे. मी सांगलीत सोळा वर्षं स्पॅनिश शिकवतोय आणि या ठिकाणी न अडखळलेला विद्यार्थी मला अजून भेटायचाय. गंमत अशी की अडखळायला लावते ती मराठी, आणि बाहेर काढते तीही मराठीच. व्याकरणाच्या इंग्रजी पुस्तकातून हा भाग शिकलात तर दुप्पट वेळ लागतो, कारण मराठीत जे फरक तयार आहेत ते इंग्रजीत नाहीत.

(स्पॅनिश शब्द मी देवनागरीत लिहितोय, उच्चार लॅटिन अमेरिकेतला. म्हणजे 'व्ही'चा 'ब', 'एच' मुका, डबल 'एल'चा 'य'. तुमची गिऱ्हाइकं मेक्सिकोची आहेत, तेव्हा हेच बरं.)

आपला 'ही' भलताच कामसू आहे. गावाकडं त्याचाच 'बी' होतो: कवा बी ये, कुठं बी बस. हा एकटा 'ही' तीन वेगवेगळी कामं ओढतो. 'कोणताही घे' म्हटलं की निवड मोकळी. 'कोणताही नाही' म्हटलं की एकही नाही. 'कोणताही असो' म्हटलं की कोणता आहे याने काही बिघडत नाही. आपण तिन्ही बिनदिक्कत बोलतो, कारण पुढचं क्रियापद ऐकून समोरच्याला कळतंच. स्पॅनिशमध्ये ही तीन कामं तिघांना वाटून दिली आहेत आणि एकाचं काम दुसऱ्याला दिलेलं खपत नाही.

आता तुमचं पहिलं वाक्य. "आमच्याकडे सध्या कोणतंही मशीन शिल्लक नाही" असं तुम्हाला सांगायचं होतं आणि तुम्ही लिहिलंत "नो तेनेमोस क्वाल्क्येर माकिना". मेक्सिकोच्या माणसाने हे वाचलं असेल "आमच्याकडे असलंतसलं मशीन नसतं!" तुम्ही माल नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करताय आणि त्याला वाटतंय तुम्ही मालाची फुशारकी मारताय. उलट प्रश्न येणारच. बरोबर वाक्य: "नो तेनेमोस निंगुना माकिना दिस्पोनीब्ले". नकार आला की 'क्वाल्क्येर' दुकान बंद करतं आणि 'निंगुन, निंगुना' उघडतं. माणसासाठी 'नाद्ये', वस्तूसाठी 'नादा'. आपल्याकडे 'कोणीच नाही, काहीच नाही' हा जो 'च' आहे ना, तो डोक्यात ठेवा. 'ही'च्या जागी 'च' बसवून वाक्य शाबूत राहिलं तर स्पॅनिशमध्ये 'निंगुनो'चं घराणं. 'कोणतंही मशीन नाही', 'कोणतंच मशीन नाही': राहिलं शाबूत. 'कोणतंही मशीन घ्या', 'कोणतंच मशीन घ्या': मोडलं. मग तिथे 'क्वाल्क्येर'. ही 'च'ची युक्ती मी वर्गात पहिल्याच दिवशी देतो, आणि एवढ्यानेच निम्म्या चुका जातात.

प्रश्नार्थकात तिसरंच कुटुंब येतं. "काही अडचण आहे का?" याला 'क्वाल्क्येर' नाही, 'आल्गुन': "त्येने आल्गुन प्रोब्लेमा?" आपला 'तरी' किंवा 'एखादा' जिथे बसेल तिथे 'आल्गुन, आल्ग्येन, आल्गो'. कोणीतरी म्हणजे 'आल्ग्येन', कोणीही म्हणजे 'क्वाल्क्येरा', कोणीच नाही म्हणजे 'नाद्ये'. तरी, ही, च. एवढं पुरे, पुढे जाऊ.

'क्वाल्क्येर' आणि 'क्वाल्क्येरा' यातला फरक तुम्ही समजता तेवढा गहन नाही. पुढे नाम असेल तर शेवटचा 'आ' गळतो: क्वाल्क्येर माकिना, क्वाल्क्येर दीआ. नाम नसेल तर राहतो: क्वाल्क्येरा दे लास दोस, म्हणजे दोन्हींपैकी कोणतंही. मध्ये विशेषण घुसलं तरी गळतोच: क्वाल्क्येर ओत्रा माकिना. आणि लिंग बघायचं नाही. इथे आपली मुलं हमखास फसतात. त्यांनी 'निंगुन लिब्रो' पण 'निंगुना माकिना' हे पाठ केलेलं असतं, मग माकिना स्त्रीलिंगी म्हणून 'क्वाल्क्येरा माकिना' करून मोकळी होतात. तसं करायचं नाही. हा 'आ' स्त्रीलिंगाचा नव्हेच. तो क्रियापदाचा आहे.

आता त्या क्रियापदाकडे येतो, कारण खरी चव तिथे आहे. 'क्वाल' म्हणजे कोणता. 'क्येरा' हे 'केरेर' या क्रियापदाचं रूप, आणि केरेर म्हणजे हवं असणं. जुन्या लॅटिनमध्ये त्या धातूचा अर्थ 'शोधणं' होता; स्पॅनिशमध्ये येईपर्यंत शोधणाऱ्याला हवंसं वाटायला लागलं. तर 'क्वाल्क्येरा' म्हणजे शब्दशः 'कोणता हवा तो'. सरळ आपला 'हवा तो', 'वाटेल तो', 'पाहिजे तो'. भडंगाच्या दुकानात माणूस म्हणतो ना, "पायजेल ते घ्या", तीच घडण. अनिश्चित निवड दाखवायला 'इच्छा' या अर्थाचं क्रियापद गोठवून सर्वनामात कोंबायचं ही खोड दोन्ही भाषांना आहे. म्हणूनच 'क्वाल्क्येरा'चं अनेकवचन शेपटीला 'स' लावून होत नाही. 'क्वाल'चं अनेकवचन मध्येच होतं: क्वालेस्क्येरा. 'क्येरा' बिचारं क्रियापद, त्याला नामाचा 'स' कसा लागणार? बोलताना हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, करारनाम्यात नाहीतर कायद्याच्या मजकुरात भेटला तर दचकू नका.

याच साच्यातले आणखी शब्द आहेत: क्येन्क्येरा (कोणीही), दोंदेक्येरा (कुठेही), क्वांदोक्येरा (केव्हाही), कोमोक्येरा (कसंही). पाठ्यपुस्तकं यांचा तक्ता देतात आणि विद्यार्थी तो घोकतात. माझं मत विचाराल तर घोकू नका. 'दोंदेक्येरा के' अधूनमधून कानावर पडतो, बाकीचे पुस्तकी आहेत. "क्येन्क्येरा के यामे" असं फोनवर म्हणालात तर तुम्ही न्यायालयाचा आदेश वाचताय असं वाटेल. बोलणारा माणूस साधं "एल के यामे" म्हणतो: जो फोन करेल तो.

जो फोन करेल तो. हे 'करेल' नीट बघा. माझ्या सोळा वर्षांच्या शिकवण्यात मला सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, आणि ती इंग्रजीतून शिकणाऱ्याला दिसतच नाही.

मराठीत आपण म्हणतो, "तुला आवडतो तो घे". आणि असंही म्हणतो, "तुला आवडेल तो घे". पहिल्यात तुला कोणता आवडतो ते ठरलेलं आहे, बहुधा मलाही माहीत आहे. दुसऱ्यात अजून ठरायचंय. तू बघ, मग जो पसंत पडेल तो. स्पॅनिशमध्ये हाच फरक एका स्वराने होतो. "एल के ते गुस्ता" म्हणजे आवडतो तो. "एल के ते गुस्ते" म्हणजे आवडेल तो. व्याकरणात या दुसऱ्या रूपाला सब्जंक्टिव्ह म्हणतात आणि त्याचं नाव काढलं की वर्गाचे चेहरे पडतात. पण मराठी माणसाला त्याची भीती बाळगायचं कारण नाही. 'जो-तो', 'जिथे-तिथे', 'जेव्हा-तेव्हा', 'जसं-तसं' अशा जोडवाक्यात आपल्या तोंडून 'येईल, म्हणशील, आवडेल, जाशील' असं भविष्यरूप सहज आलं, की स्पॅनिशमध्ये तिथे सब्जंक्टिव्ह घाला. म्हणशील तसं: कोमो दीगास. म्हणशील तिथे: दोंदे दीगास. जो आधी येईल तो: एल के बेंगा प्रिमेरो. एकच पथ्य पाळायचं. मराठीत भविष्यकाळ आला म्हणून स्पॅनिशचा भविष्यकाळ लावायचा नाही. ती चूक आपलीच खास आहे, कारण आपल्या मनात 'येईल' असतो.

तुमचं दुसरं वाक्य इथलंच. "तुम्हाला हवं तेव्हा फोन करा" याचं तुम्ही "यामे क्वांदो क्येरे" केलंत. चूक कुठून आली तेही सांगतो. 'हवं' हा शब्द गोठलेला आहे. त्यात 'आता हवं असतं' की 'पुढे हवं असेल' हे कळत नाही. अशा वेळी 'हवं' काढून 'वाटणं' घाला. "तुम्हाला वाटेल तेव्हा फोन करा" होईल, "वाटतं तेव्हा" होणार नाही. म्हणजे सब्जंक्टिव्ह: "यामे क्वांदो क्येरा". उलट "तो काय, त्याला वाटतं तेव्हा फोन करतो" ही सवय झाली, तिथे साधं "यामा क्वांदो क्येरे" बरोबर. तुमच्या मेक्सिकोच्या माणसासाठी त्याहून गोड रूप आहे: "क्वांदो गुस्ते". 'गुस्तार' म्हणजे रुचणं. तिकडे 'आपली मर्जी होईल तेव्हा' अशा अदबीसाठी ते सर्रास वापरतात. फोन ठेवताना म्हणून बघा.

लिहिताना एक बारकी गोष्ट सांभाळा. 'क्वांदो क्येरा' दोन शब्द वेगळे लिहिले तर 'आपल्याला वाटेल तेव्हा'. जोडून लिहिलं तर ते पुस्तकी 'केव्हाही' आणि त्याला पुढे 'के' लागतो. ऐकायला दोन्ही सारखेच. मेलमध्ये तुम्हाला जवळजवळ नेहमी वेगळे लिहिलेलेच हवे असतील.

आता तिसरं काम: 'कोणताही असो'. इथे मला दरवेळी नव्याने आनंद होतो. 'असो' हे रूप आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो, पण ते काय आहे याचा विचार करत नाही. तो असो, ती येवो, ते करोत: हा आज्ञार्थाचा तृतीय पुरुष. शाळेत आपण 'तू कर, तुम्ही करा' एवढाच आज्ञार्थ लक्षात ठेवला आणि हा बिचारा मंगलाष्टकात आणि शुभेच्छापत्रांत राहिला असं वाटतं. पण तो रोजच्या बोलण्यातही आहे. काहीही होवो. कोणी काहीही म्हणो. पाऊस पडो न पडो. आता स्पॅनिश ऐका. काहीही होवो: "पासे लो के पासे". कोणी काहीही म्हणो: "दीगान लो के दीगान". पाऊस पडो न पडो: "युएबा ओ नो युएबा". कोणी का असेना: "सेआ क्येन सेआ". चहा असो की कॉफी: "सेआ ते ओ काफे". तुम्ही ज्या 'बेंगा'ने गिऱ्हाइकाला "या" म्हणता, तोच 'बेंगा' इथे 'येवो' आहे: "बेंगा क्येन बेंगा", कोणीही येवो. म्हणजे त्यांच्याकडेही अदबीचा आज्ञार्थ आणि हा 'असो-येवो'चा प्रकार एकाच रूपात सामावला आहे. इंग्रजीतून शिकणारा याला सूत्र म्हणून घोकतो. आपण नुसतं 'असो' ऐकायचं.

रचना बघा: क्रियापद, मग प्रश्नशब्द, मग पुन्हा तेच क्रियापद. 'बायास दोंदे बायास', कुठेही जा. 'क्वेस्ते लो के क्वेस्ते', कितीही खर्च येवो. या रचनेत तुम्ही हवं ते क्रियापद घालू शकता, म्हणून मला ती 'क्येन्क्येरा'च्या तक्त्यापेक्षा शतपट प्रिय आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढत होतं तेव्हा आयर्विन पुलाजवळची पातळी हाच गावातला एकमेव विषय होता. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. कोलंबियातली एक ओळखीची शिक्षिका रोज विचारायची, तुम्ही घर सोडणार का? गावभागातला माझा शेजारी अडून बसला होता: "पाणी कितीही चढो, मी हलत नाही." ते मी तिला कळवलं: "सूबा लो के सूबा एल रीओ, नो से मुएबे." तिचं लगेच उत्तर: "केव्हापासून इतकं छान बोलायला लागलास?" मी काही विशेष केलं नव्हतं. शेजाऱ्याच्या 'चढो'च्या जागी 'सूबा' ठेवलं होतं. (शेजारी दुसऱ्या दिवशी बोटीने निघाला.)

पण इथे मराठीची साथ एका ठिकाणी सुटते. गोष्ट भूतकाळात गेली की आपला 'असो' लंगडा पडतो. आपण 'काहीही झालं तरी' कडे वळतो. स्पॅनिशची रचना मात्र भूतकाळातही तशीच चालते, फक्त दोन्ही क्रियापदं भूतकाळच्या सब्जंक्टिव्हमध्ये: "पासारा लो के पासारा", "फ्वेरा क्येन फ्वेरा". शिवाय 'कितीही महाग असलं तरी' या धाटणीत आपण भूतकाळी रूप वापरतो, स्पॅनिश मात्र वर्तमान सब्जंक्टिव्ह घेतं: "पोर मुइ कारा के सेआ". या दोन जागी मराठीवर विसंबू नका, पाठच करा.

आता शब्दाच्या जागेचा प्रश्न. हा तुम्ही विचारलेला नाही, पण तो सांगितला नाही तर एक दिवस पंचाईत होईल.

कोलंबियाचीच एक गायिका काही वर्षांपूर्वी मिरजेला तंबोरा घ्यायला आली होती. दुभाष्या म्हणून मी बरोबर. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून जगभरचे गाणारे त्या गल्लीत येतात. दुकानात भिंतीला पाच-सहा तंबोरे टेकवलेले. कारागीर जव्हारीचा, म्हणजे तारेचा नाद खुलवणारा, दोरा बोटावर गुंडाळत म्हणाले, "कुठला बी उचला बाई, आवाजात खोट न्हाई." मी भाषांतर केलं: "येबेसे क्वाल्क्येरा." बाईंचा हात जागच्या जागी थांबला. व्याकरणात काही चूक नव्हती. पण 'कोणताही न्या' याला स्पॅनिशमध्ये 'सगळे सारखेच, काय फरक पडतो' अशी एक बेफिकीर छटा येऊ शकते, आणि तंबोरा विकणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही. मी सावरून घेतलं: "एल के मास ले गुस्ते, तोदोस स्वेनान ब्येन." तुम्हाला जास्त आवडेल तो, सगळे छान वाजतात. हात पुढे झाला. 'क्वाल्क्येरा' निवडीची पर्वा करत नाही. 'एल के गुस्ते' निवड समोरच्याच्या हातात देतं. आपल्या 'कुठलाही' आणि 'आवडेल तो' यांत हा फरक आहेच, पण 'कुठला बी उचला' या वाक्याची ऊब 'उचला'मध्ये होती, आणि ती भाषांतरात सांडली.

मग कारागिरांनी एका तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारली. टणक, कोरडा आवाज. "ह्यो भोपळा असातसा न्हाई. मंगळवेढ्याकडचा हाय." हे मात्र बरोबर साधलं: "नो एस उना कालाबासा क्वाल्क्येरा." नामाच्या आधी 'क्वाल्क्येर कालाबासा' म्हणजे कोणताही भोपळा. नामाच्या नंतर 'उना कालाबासा क्वाल्क्येरा' म्हणजे असातसा, सामान्य भोपळा. शब्द तोच, जागा बदलली की अर्थाचा भाव बदलतो. 'उन दीआ क्वाल्क्येरा' म्हणजे असाच एखादा साधा दिवस. आणि 'नो एस उन क्वाल्क्येरा' म्हणजे हा कोणी सोम्यागोम्या नाही.

यातच एक खड्डा आहे. पुरुषाबद्दल 'उन क्वाल्क्येरा' म्हटलं तर ऐरागैरा. बाईबद्दल 'उना क्वाल्क्येरा' म्हटलं तर ती चारित्र्यावरची घाणेरडी शिवी होते. अन्याय आहे, पण आहे खरं. माझ्या वर्गातल्या एका परिचारिकेने स्वतःची ओळख करून देताना नम्रपणे, 'मी एक साधीच बाई आहे' अशा भावात, हेच लिहून आणलं होतं. वही तपासताना मी ते वाक्य पेनने खोडलं आणि कारण वर्गासमोर न सांगता तास संपल्यावर सांगितलं. ती आधी पांढरी पडली आणि मग इतकी हसली की बाहेर थांबलेली मुलं आत डोकावली. तुम्हाला 'साधी' म्हणायचं असेल तर 'नोर्माल' आहे, 'सेंसीया' आहे.

चांगल्या बाजूने याच शब्दाचा उपरोध फार मजेचा. "क्वाल्क्येरा लो एंत्येंदे!" याचा शब्दार्थ 'हे कोणालाही कळतं', खरा अर्थ 'हे कोणाच्या बापाला कळणार!' आपणही तोंड वाकडं करून "कळेल हं कोणालाही!" म्हणतो, तसंच. 'क्वाल्क्येरा साबे' म्हणजे 'कोण जाणे'. आणि अर्जेंटिनात तरुण पोरं नुसतं "क्वाल्क्येरा!" म्हणतात, अगदी आपल्या "काहीही हं!" सारखं, समोरचा बंडल मारतोय या अर्थी. मेक्सिकोत हे चालवू नका.

पाहुणचाराचं एक सांगतो, कारण तुमचं त्या लोकांशी जेवणखाण होणारच. आपल्याकडे "काय घेणार?" ला "काहीही चालेल" हे सभ्य उत्तर. त्याचं "क्वाल्क्येर कोसा" केलं तर चालतं, वाईट नाही, पण किंचित ओढूनताणून वाटतं. "लो के सेआ" आवाजावर अवलंबून आहे. कंटाळलेल्या सुरात ते 'करा काहीतरी एकदाचं' होतं. "मे दा इग्वाल" म्हणजे मला फरक पडत नाही. मित्रांत ठीक, यजमानाला नको. सगळ्यात सुरक्षित: "लो के तेंगा", आपल्याकडे असेल ते. इथेही 'असेल' आलाच, बघितलंत?

'कसंही' बद्दल थोडक्यात. 'कसंही करून पोहोचायलाच हवं' ला "कोमो सेआ". 'कसंतरी उरकलं' ला "दे क्वाल्क्येर मानेरा". हेच "दे क्वाल्क्येर मानेरा" वाक्याच्या सुरुवातीला आलं तर 'काही झालं तरी, असो' होतं. संदर्भ बघायचा, दुसरा इलाज नाही.

जाता जाता: 'सिक्येरा' या शब्दातही तोच 'क्येरा' दडलेला आहे. 'नी सिक्येरा कोंतेस्तो', साधं उत्तरसुद्धा दिलं नाही. गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये हा दिसला तर समजा की तुमच्या कंपनीतल्या कोणावर तरी तो वैतागलाय, आणि आधी फोन उचला.

राहिलं तुमचं तिसरं वाक्य: "काही लागलं तर कळवा." तुम्ही यात 'क्वाल्क्येर कोसा' वापरायला घाबरलात आणि सहा ओळींचं वाक्य केलंत. इथे मात्र घाबरायची गरज नव्हती. लॅटिन अमेरिकेत सगळी 'लागलं तर'ची भानगड गिळून टाकून नुसतं "क्वाल्क्येर कोसा, मे आबीसा" म्हणतात. स्वल्पविरामाआधी क्रियापदच नाही, आणि तरी 'काहीही लागलं तर' असाच अर्थ. गिऱ्हाइकाच्या मेलला थोडी इस्त्री हवी, तर 'कोसा'च्या जागी 'दुदा', म्हणजे शंका, घाला. मेक्सिकोच्या ऑफिसातून येणाऱ्या निम्म्याअधिक मेलचा शेवट तुम्हाला असाच दिसेल. उद्याच्या मेलमध्ये सहीच्या वर हेच टाका: "क्वाल्क्येर दुदा, केदामोस आ सुस ओर्देनेस." काहीही शंका असली तर आम्ही आपल्या सेवेत आहोत.